वाऱ्याने दार आपटलं

मी हात वर केला तो बिस्किटांचा डबा काढायला. सगळ्यात वरच्या फळीवरचा, निळ्या झाकणाचा, आमच्याकडे कायम तिथेच असतो. आणि मोजे चढवत असलेली टिकली खाली गेली. नुसती वाकली नाही. डावं कोपर कानावर, उजवा तळवा मानेवर, हनुवटी छातीत, डोळे गच्च. सगळं एका झटक्यात, पाठ केल्यासारखं. सात वर्षांची माझी पोरगी, शाळेचा गणवेश घातलेली, एका पायात मोजा आणि दुसरा उघडा, माझ्यासमोर अशी मिटून उभी होती आणि मी डबा डोक्यावर धरून खुळ्यासारखी बघत होते. "काय गं झालं?" ती सरळ झाली, दुसरा मोजा चढवायला लागली. "काही नाही. मला वाटलं दार आपटतंय." कुठलं दार आपटतंय! दाराखाली लाकडी पाचर ठोकलेली होती, ते ढिम्म हलत नव्हतं. टेबलाशी बाबा बसले होते, माझे वडील, चहात टोस्ट बुडवत, पांढरेशुभ्र केस नीट विंचरलेले. "चल बघू बाळा, बस येईल," ते म्हणाले, इतक्या मायेने की बघणाऱ्याला भरून यावं. मी टिकलीला दोन बिस्किटं जास्त दिली, टोपी घातली, गाडीची किल्ली घेतली आणि निघाले. बाहेर वारा सुटला होता.

गाडीत बसल्यावर मी आधी स्वतःची झडती घेतली. मी मारलंय का तिला? कधी? ओरडते, हे खरं. माझा आवाज मोठा, डोकं त्याहून गरम, आणि नवरा वेगळा राहायला लागल्यापासून तर विचारूच नका. म्हणून तर आमच्यात एक खेळ ठरला होता. आमच्या कॉकपिटमध्ये नियम आहे: उतरताना दोघांपैकी कुणालाही काही बिनसल्यासारखं वाटलं, तर त्याने 'गो अराउंड' म्हणायचं; आणि ते म्हटलं गेलं की समोरचा कितीही मोठा कॅप्टन असो, वाद घालायचा नाही, का म्हणून विचारायचं नाही, विमान वर उचलायचं आणि चक्कर मारून परत यायचं. हा नियम मी घरी आणला. मी फार भडकले की टिकलीने 'गो अराउंड' म्हणायचं, मग मी खोलीबाहेर जायचं, जेवणाच्या टेबलाला एक पूर्ण चक्कर मारायची आणि पुन्हा आत यायचं. पुष्कळदा टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यावरच मला हसू फुटायचं. तर ओरडले असेन. पण हात? एकदाही नाही, छातीवर हात ठेवून सांगते. मग ते कोपर आलं कुठून? सिग्नलला गाडी थांबली, समोरच्या दुकानाचा पत्रा थडथडत होता, आणि मग लक्षात आलं की मी स्टिअरिंग सोडून माझं डावं कोपर कानाशी नेऊन बघते आहे. अगदी बरोबर बसलं. कसं नाही बसणार? ते माझंच होतं. कानावर कोपर का, तर कानशिलात बसली की दोन दिवस आत शीळ वाजत राहते. मानेवर तळवा का, तर पट्ट्याचं टोक नेमकं तिथे लागतं. हे मी धाकट्या भावाला पलंगाखाली शिकवलं होतं, मोठी बहीण अभ्यास घेते तसं. मागच्याने हॉर्न वाजवला आणि मी खिडकीतून डोकं काढून त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. उंच केबिनमध्ये, इतक्या वर की खालची माणसं म्हणजे नुसत्या चालणाऱ्या टोप्या. वारा वाढला की क्रेन बंद, असा तिथला नियम होता. भोंगा वाजायचा, बाबा शिडी उतरून भरदुपारी घरी यायचे, आणि रिकामं बसणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. म्हणून वाऱ्याचा दिवस हा माराचा दिवस. शांत हवेत आमचे बाबा कुणाला हेवा वाटावा असे बाप होते, खांद्यावर बसवून बंदरभर फिरवणारे. वारा आला की सगळं फिरलं. मी वाचायला शिकले त्याच्या आधी वारा वाचायला शिकले: समोरच्या गिरणीच्या धुराड्यातला धूर सरळ चढतोय की मोडतोय, दोरीवरच्या चादरी नुसत्या हलतायत की पोट फुगवतायत. धूर मोडला की मी आईला सांगायची. आई एक शब्द न बोलता कपडे आत घ्यायची, आणि मग खिळ्यावरचा पट्टा, छत्री, झाडूचा दांडा, लागेल असं सगळं पलंगाखाली सरकवायची. उपयोग शून्य. हात कुठे सरकवणार? भिंती पातळ होत्या. शेजारचे विचारायचे, काय हो, आवाज कसला झाला? बाबा दारात उभे राहून हसत सांगायचे, "काही नाही, वाऱ्याने दार आपटलं." शेजारी हसायचे, आई हसायची, आणि मी कानावर ओला फडका धरून आतून ऐकायची. पुढे लोकांनी मला किती वेळा विचारलं, वाऱ्याची एवढी जाण तुला आली कुठून? मी म्हणायची, लहानपणापासूनची आवड.

सकाळचं उड्डाण मात्र झकास झालं. समोरून दणदणीत वारा होता. प्रवाशांच्या पोटात धस्स होतं, पण आम्ही खूश असतो. विमानाला वारा समोरूनच हवा. पंखावरून हवा वेगाने जावी लागते, त्यातली थोडी वाऱ्याने आयती आणून दिली की धावपट्टी कमी लागते. म्हणून आम्ही चढतो तेही वाऱ्याकडे तोंड करून आणि उतरतो तेही. पाठचा वारा मदतीला आल्यासारखा वाटतो, पण तो धावपट्टी गिळून टाकतो. टिकलीच्या शाळेत मला बोलावलं होतं तेव्हा मी पोरांना हे सगळं समजावलं, आणि वर अकलेचे तारे तोडले: माझे वडील फार कडक होते, तो माझा समोरचा वारा, त्याच्यामुळेच मी उडाले. पहिल्या रांगेत बाबा बसले होते. त्यांनी डोळे पुसले. शिक्षिका टाळ्या वाजवत होत्या, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं. किती सोयीचं होतं! आई गेल्यावर जुन्या खोलीला कुलूप लावून बाबांना घरी आणलं ते याच समजुतीवर. म्हातारे झालेत, मऊ झालेत, टिकलीच्या वेण्या घालतात, आणि दुपारी तिच्यासाठी दार उघडायला मला कुणीतरी हवंच होतं. भाऊ एकदाही त्यांना आपल्याकडे न्यायला तयार झाला नाही. मी त्याला कधी कारण विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

दुसऱ्या शहरात उतरलो, प्रवासी उतरले, परतीचे चढायचे होते. माझा को-पायलट हवामान बघत होता. त्याला आमच्यात मुंगी म्हणतात, आवाज तेवढाच म्हणून. नियम मात्र तोंडपाठ. "मॅडम, घरचा वारा फिरलाय," तो म्हणाला. "आडवा झालाय. झोतही वाढतायत." मी हं म्हटलं आणि घरी फोन लावला. बाबांनी उचलला. शाळा वाऱ्यामुळे लवकर सोडली, पोरगी घरी आहे, सगळं ठीक आहे. "खिडक्या?" मी विचारलं. "सगळ्या लावल्यात, कड्या घालून. बाल्कनीचं दारही लावलंय. घरात पडदासुद्धा हलत नाहीये. तू नको काळजी करू." "टिकलीला द्या." "ती कोपऱ्यात उभी आहे. दूध सांडलंय तिने. आता तिने बोलायचं नाही." मागून बारीक आवाज आला, "आजोबा, मला आईशी…" आणि मग तो दुसरा आवाज. कोरडा, सपाट, फट्. त्यानंतर काहीच नाही. रडणंसुद्धा नाही, आम्हीही रडायचो नाही, रडलं की दुसरी बसायची. "बाबा? कसला आवाज झाला?" आणि माझ्या वडिलांनी, पडदासुद्धा न हलणाऱ्या घरातून, हसत मला सांगितलं, "काही नाही गं. वाऱ्याने दार आपटलं."

फोन बंद झाला. परत लावला, उचलला नाही. शेजारच्या काकूंना लावला. त्या लेकीकडे दुसऱ्या गावी. भावाला लावला. मी एवढंच म्हटलं, "बाबा टिकलीला मारतायत." तो म्हणाला, "ताई, मला वाटलं तुला माहीत असेल. माझा मोठा तिकडे आला होता ना सुट्टीत, त्यालाही…" "आणि तू मला बोलला नाहीस?" "तू शाळेत भाषण दिलंस. व्हिडिओ पाठवलास. मी काय बोलणार होतो?" तो निघतो म्हणाला, पण त्याला पोचायला संध्याकाळ होणार होती, माझ्यानंतरच पोचला असता. अशा मनाने विमान चालवू नये, असाही आमच्यात नियम आहे. सांगायचं, मी आज ठीक नाही. सांगितलं असतं तर दुसरा कॅप्टन येईपर्यंत रात्र झाली असती. मी तोंडावर पाणी मारलं आणि माझ्या सीटवर जाऊन बसले. पट्टा आवळला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मला त्या माणसाचे पांढरेशुभ्र केस मुठीत धरायचे होते.

घराजवळ आलो तेव्हा टॉवरने वारा सांगितला तो धावपट्टीला जवळजवळ आडवा, आमच्या मर्यादेच्या अगदी काठावर. नुसता जोराचा वारा परवडतो, त्याच्याशी एकदा जमवून घेता येतं. झोत वाईट. आत्ता आहे, आत्ता नाही, आत्ता दुप्पट, बाबांसारखेच. आडव्या वाऱ्यात विमान सरळ येऊच शकत नाही. नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं तिरकं यावं लागतं, धावपट्टी समोर दिसायची ती काचेच्या कडेला दिसते. आणि चाकं टेकायच्या आधी, अगदी शेवटच्या क्षणी, पायाखालचं पेडल दाबून नाक सरळ करायचं. घाई केली तर वारा उचलून बाजूला फेकतो, उशीर केला तर चाकं आडवी घासतात. पहिल्या खेपेला वाऱ्याचा आधार अचानक सुटला, वेग घसरला, विमान बदकन खाली गेलं. मुंगी म्हणाला, "गो अराउंड." मी उचललं. वाद नाही, का नाही. मागे कुणीतरी किंचाळलं, कुणाच्या तरी हातातलं काहीतरी दारावर येऊन आदळलं. आता इंधन आणखी एका प्रयत्नापुरतं होतं. नाही जमलं तर जवळच्या दुसऱ्या विमानतळावर जायचं, आणि तिथून आज घरी येणं नाही. कोपऱ्यात उभी आहे. दूध सांडलंय तिने. मी दातओठ खाऊन दुसऱ्यांदा खाली आणलं. झोत बाजूने लाथ घालावी तसे येत होते, एक पंख खाली, मग दुसरा, कडेची दिव्यांची रांग काचेत वर जायची आणि पुन्हा खाली. वेग वाढला, पडला, पुन्हा वाढला. उजवा पंख फार खाली गेला. "गो अराउंड," मुंगी म्हणाला. मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. कुणी विचारलं तर मी ऐकलं नाही असं म्हणणार नाही. मला समोर धावपट्टी दिसतच नव्हती, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली टिकली दिसत होती. "मॅडम, गो अराउंड!" एवढा मोठा आवाज मुंगीचा मी कधी ऐकला नव्हता, आणि त्याचा हात इंजिनांच्या दांड्यांकडे आला. मी तो मारला. उघड्या पंजाने, मनगटावर, जोरात. फट्. तोच आवाज. त्याने हात छातीशी ओढून घेतला आणि, मी खोटं सांगत नाही, त्याचं कोपर अर्धवट वर आलं. तेवढ्यात जमीन आली. मी पाय मारला, उशिरा मारला, चाकं आडवी बसली, हाडं खिळखिळी होतील असा दणका बसला, विमान उसळलं, पुन्हा आपटलं, घासत गेलं, धावपट्टीची कड माझ्या बाजूने धावत आली आणि हातभर अंतर ठेवून थांबली. मग सगळं सरळ झालं.

मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! आत बसलेल्यांना काय कप्पाळ कळतंय. एका पोरीसाठी मी विमानभर माणसं पणाला लावली होती, आणि त्यांत कुणाकुणाच्या पोरी होत्याच. इंजिनं बंद केल्यावर मुंगीने छातीशी धरलेला हात खाली घेतला. त्याच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती, लाल, चारही. "मॅडम, हे मला सांगावं लागेल वर." "सांग." "तुमचं लायसन्स…" "सांग म्हटलं ना. हातावर मारलं तेही सांग. आणि वाऱ्याने झालं म्हणू नकोस." त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला शेवटचं वाक्य कळलं नसणार. "घरी काही झालंय का?" त्याने विचारलं, पुन्हा मुंगीच्या आवाजात, आणि मला भडाभडा रडावंसं वाटलं. पण मला वेळ नव्हता. मी टोपी तिथेच विसरून पळाले.

दार बाबांनी उघडलं. हसत. "आलीस? एवढ्या वाऱ्यात उतरवलंस? मी खालच्यांना सांगत होतो, आमची पोरगी म्हणजे…" त्यांना बाजूला सारून मी आत गेले. टिकली पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या कोपऱ्यात उभी होती, अजून गणवेशातच, भिंतीकडे तोंड. वळली नाही. तिचा डावा कान लाल होता आणि कानाखाली गालावर बोटं उठली होती. मी ती मोजली नाहीत, मला ती पाठ होती. मी मागे फिरले आणि माझा हात वर गेला. डोक्याच्याही वर, फळीवरचा डबा काढताना जातो तेवढा. आणि बाबा खाली गेले. डावं कोपर कानावर, उजवा तळवा मानेवर, हनुवटी छातीत. सत्तरी ओलांडलेला माणूस, क्षणभरही न चुकता. म्हणजे हे त्यांनाही कुणीतरी शिकवलं होतं. कुणी, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि आत्ताही मला विचारायचं नव्हतं; मला मारायचं होतं. इतकं मनापासून मला आयुष्यात काही करायचं नव्हतं. माझ्या खांद्यात तो फटका तयार होता, मुंगीच्या मनगटापासून तसाच तापलेला.

"गो अराउंड," टिकली म्हणाली.

ती वळली होती. आवाज इतका लहान की वाऱ्यात विरून जावा, पण घरात वारा नव्हता, सगळ्या खिडक्या बंद होत्या. "आई, गो अराउंड." तीही वाकलेलीच होती. माझ्याकडे बघूनच वाकली होती, आणि तशी वाकूनच म्हणत होती. वाद घालायचा नाही. का म्हणून विचारायचं नाही. माझा हात तसाच वर होता, तो खाली आणायला मला किती जोर लागला ते माझं मलाच माहीत. मी खोलीबाहेर गेले. जेवणाच्या टेबलाला चक्कर मारायला लागले. टेबलावर दुधाचा डाग तसाच होता, त्यावर माशी बसली होती. पहिला कोपरा, दुसरा. पलीकडच्या कोपऱ्यावर मला हसू फुटायचं, तिथे आज फुटलं नाही. खुर्चीची पाठ धरून मी तशीच पुढे गेले, चक्कर पूर्ण केली आणि आत आले. बाबा सरळ उभे राहिले होते, केसांवरून हात फिरवत होते. "दार आपटलं तर एवढं…" ते म्हणाले. "बॅग भरा बाबा," मी म्हटलं. "भाऊ येतोय. तुमच्या जुन्या खोलीवर सोडेल." त्यांचा चेहरा पडला आणि मग आवळला, जुना झाला. "मारलं म्हणून झालीस तू एवढी. तूच सांगितलंस भर शाळेत. समोरचा वारा. मार खाल्लास म्हणून विमान उडवतेस!" "विमान वाऱ्याने उडत नाही बाबा," मी म्हटलं. "इंजिनाने उडतं. वारा नसला तरी उडतं." माझा आवाज मोठा नव्हता. ते काहीतरी बोलणार होते, पण गेले आपल्या खोलीत, आणि जाताना त्यांनी दार आपटलं, आपल्या हाताने.

मी जमिनीवर बसले. टिकलीकडे हात करावेसे वाटत होते, ये म्हणावंसं वाटत होतं, पण माझे हात वर जाताना तिने आज दोनदा पाहिले होते. मी दोन्ही तळवे मांडीखाली दाबून ठेवले आणि त्यांच्यावर बसून राहिले. उद्यापासून मी घरीच असणार होते, किती दिवस कुणास ठाऊक, कदाचित कायमची. बाहेर वारा पत्रे वाजवत होता. बऱ्याच वेळाने टिकली कोपऱ्यातून निघाली. सरळ आली नाही. भिंतीला धरून आली, खांदा पुढे काढून, तोंड बाबांच्या बंद दाराकडे ठेवून, तिरकी तिरकी, एकेक पाऊल. मध्येच थांबली, मागे गेली, पुन्हा निघाली. मी हलले नाही. श्वाससुद्धा बेताने घेत होते. अगदी जवळ आली तरी तिचं तोंड तिकडेच होतं. मग शेवटच्या पावलाला ती माझ्याकडे वळली आणि मांडीत उतरली.